कोट काढायला कुणी सांगितलं नाही

मी एक जुना लोकरी ओव्हरकोट आहे, मित्रांनो. माझा जन्म हाँगकाँगचा. तिथे माझ्यासारख्याला फारसं काम नसतं. मला शिवलं ते लंडनच्या थंडीसाठी.

माझे मालक त्र्यंबकराव हाँगकाँगच्या गोदीत इंजिनिअर होते. हाँगकाँग तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होतं आणि लवकरच चीनकडे जायचं होतं. चिनी रहिवासी चीनचे नागरिक होणार होते. पण त्र्यंबकरावांसारख्या भारतीय वंशाच्या लोकांचं काय? भारताचं नागरिकत्व त्यांनी कधीच सोडलेलं. हातात ब्रिटिश पासपोर्ट, पण तो असा की त्यावर ब्रिटनमध्ये राहता येत नाही! असला पासपोर्ट काय चाटायचाय? त्यांची लेक यामिनी तर तिथेच जन्मलेली. हस्तांतर झालं की त्या पोरीला आपली म्हणणारा एकही देश उरणार नव्हता.

म्हणून एका शिष्टमंडळाबरोबर त्र्यंबकराव मला घालून लंडनला गेले. तिथल्या सरकारी अधिकाऱ्याची खोली चांगली उबदार होती. त्याचा स्वतःचा कोट खुंटीवर ऐसपैस लटकत होता, शेजारच्या खुंट्या रिकाम्या होत्या. पण कोट काढून बसा, असं काही तो म्हणाला नाही. पाहुणे लवकर उठावेत, एवढाच त्याचा बेत. अजून आठवलं की अंगाची लाही होते.

बोलत मात्र होता गोड. दिल्लीशी बोलणी चालू आहेत, बीजिंगचं मत घ्यायला हवं, घाई करून चालणार नाही. नुसती टोलवाटोलवी. माझ्या आत त्र्यंबकराव घामाने निथळत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, “माझी मुलगी कुठली, तेवढं सांगा.”

तो घड्याळाकडे बघत उठला. माणसं म्हणजे काय घर रिकामं करताना मागे टाकायची अडगळ आहे?

त्र्यंबकरावांनी पिच्छा सोडला नाही. झेंडा उतरायला थोडेच महिने उरले तेव्हा लंडनने नागरिकत्व दिलं, तेही उपकार केल्याच्या थाटात.

यामिनी पुढे अमेरिकेत शिकली, इथलीच झाली आणि वडिलांना मॉरिसव्हिलला घेऊन आली. मी क्लॉझेटमध्ये, म्हणजे भिंतीतल्या कपाटात, पडून राहिलो. कॉलर कसरीने खाल्ली, तरी कुणी ढुंकून पाहिलं नाही. नव्याने शिकायला आलेल्या मुलांना इथली मराठी घरं गरम कपडे देतात. परवा यामिनी म्हणाली, “बाबा, हा कोट त्या अंकुरला देऊन टाकू या?”

अंकुर आला. व्हिसाचं काहीतरी अडलं होतं, म्हणून चेहरा उतरलेला. मला अंगावर चढवून तो दारातच म्हणाला, “थँक यू काका, परफेक्ट फिट आहे. निघतो मी.”

त्र्यंबकराव काठी टेकत उठले.

“कोट काढ आधी. बस. चहा होतोय. तुझं काय अडलंय ते नीट सांग, मला घाई नाही.”

आणि त्यांनी मला स्वतःच्या हाताने खुंटीवर टांगलं.

आता मी अंकुरबरोबर राहतो. त्याला अजून किती कचेऱ्यांत जावं लागेल, कोण जाणे. टेबलापलीकडच्या खुर्चीवर उद्या तुमच्यापैकीच कुणीतरी असेल, मित्रांनो. समोर आलेल्याचं काम होईल की नाही, ते मागाहून बघा. आधी त्याला कोट काढून बसायला सांगा.