दादाला कळता कामा नये

इस्त्रीवाल्याला सगळे 'कडक' म्हणत. त्याच्या हातून गेलेल्या शर्टाची घडी अशी, की बोट लावावं तर कापेल. जीभही तशीच. "शर्ट सरळ करून देतो साहेब, आतल्या माणसाचं तुमचं तुम्ही बघा," असं म्हणून तो गिऱ्हाइकाला हसवायचा. बायको शेजारी बसून तुटलेली बटणं लावायची, उसवलेलं शिवायची.

एकदा त्याचा ताप काही केल्या उतरेना. रक्त तपासलं, मग तिचंही तपासलं. दोघांनाही एचआयव्ही निघाला. डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं, "रोज एक गोळी. चुकवायची नाही. नेमानं घेतलीत तर म्हातारे होऊन एकमेकांशी भांडाल."

सरकारी दवाखाना दुकानाच्या समोरच होता, पण कडकनं तिथं नाव घालायला साफ नकार दिला. "त्या खिडकीशी मला कुणी पाहिलं, तर उद्या माझ्या हातचे कपडे कोण अंगाला लावील?" म्हणून दोघं बसनं दुसऱ्या शहरात जायची, तोंडाला रुमाल बांधून. पण गोळी लागू पडली. तो अंगानं भरला, पुन्हा थट्टा करायला लागला.

मग त्याचा थोरला भाऊ राहायला आला. ट्रकवर ड्रायव्हर, एकटा जीव. आईबापांमागे कडकला त्यानंच वाढवलं होतं. दादाला सांगून टाकावं, असं कडकच्या मनात होतं. एक दिवस जेवताना दादा म्हणाला, "डेपोतल्या एका क्लीनरला तो रोग निघाला. काढलाच त्याला. बरं झालं. असल्याच्या पंगतीला कोण बसणार?"

कडकचा घास हातातच राहिला.

दुसऱ्याच दिवशी त्याची गोळ्यांची बाटली घरातून दुकानात गेली. दुकानात गिऱ्हाइकं. आज राहिली, उद्या विसरलो, असं सुरू झालं. ती काकुळतीला यायची. "अहो, मी स्वयंपाकघरात घेते ना, तुम्हीही तिथंच या."

"दादा म्हणेल, हा बायकोच्या पदराला बांधलेला झालाय."

"म्हणू द्या! अंगाशी येईल हे."

तो हसण्यावारी न्यायचा. मग खोकला आला, आणि हसणं गेलं. इस्त्री उचलताना धाप लागायला लागली. क्षयानं धरलं होतं. दवाखान्यात दादा त्याच्या उशाशी बसून राहिला. चमच्यानं भरवायचा, आणि उरलेलं त्याच वाटीतून स्वतः खायचा. ते पाहून तिला वाटलं, आता सांगावं. पण कडकनं तिच्याकडे पाहून 'नको' अशी मान हलवली. दादा चहाला गेल्यावर तिचा हात धरून म्हणाला, "दादाला कळता कामा नये. मी गेल्यावरसुद्धा."

आणि तो गेला.

त्या गडबडीत तिची गोळ्या आणायची तारीख चुकली. जरा सावरल्यावर ती भलत्याच दिवशी त्या दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यात गेली. बाकावर तिचा थोरला दीर बसला होता. हातात पांढरी बाटली, तिच्यासारखीच.

तो उठला. बाटली पाठीमागे नेली. मग त्याची नजर तिच्या हातातल्या रिकाम्या बाटलीकडे गेली.

"भाऊजी, कधीपासून?"

"तुझ्या लग्नाच्या आधीपासून," तो म्हणाला. मग चाचरत, "म्हणजे त्यालाही...?"

तिनं होकाराची मान डोलावली.

"पण डॉक्टर तर क्षय म्हणाले."

"क्षयच होता. गोळ्या सोडल्या म्हणून झाला."

"का सोडल्या त्यानं? मी रोज घेतो, माझं काही बिघडलं का?"

बोलायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण तोंडातून गेलंच. "त्या क्लीनरचं तुम्ही बोललात ना, तेव्हापासून."

दादा पुन्हा बाकावर बसला. "डेपोत सगळे तसंच बोलत होते गं. मी गप्प राहिलो असतो तर माझ्यावर बोट आलं असतं. तोंडाला तीच सवय लागली, घरातसुद्धा." त्यानं लपवलेली बाटली पुढे घेतली. "मी बाथरूममध्ये कडी लावून गोळी घ्यायचो, पोरी. त्याला कळू नये म्हणून."

तुम्ही मारलंत त्याला, हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. ते तिनं गिळले. खिडकीतून तिला हाक आली. ती उठली आणि खिडकीतल्या बाईंना म्हणाली, "माझं नाव आमच्या गावच्या दवाखान्यात पाठवा."

आता ती दुकानासमोरच्याच खिडकीशी उभी राहते, उघड्या तोंडानं. निम्मी गिऱ्हाइकं तुटली. उरलेल्यांचे कपडे ती करते. घडी तेवढी कडक पडत नाही. दादा त्याच घरात राहतो. रात्री जेवणाआधी तो दोन पेले पाणी भरतो. दोघं समोरासमोर बसून आपापली गोळी घेतात. कुणापासून लपवायचं, असं घरात कुणी उरलेलंच नाही. त्याच्याशी ती अजून फारसं बोलत नाही.