देवरावची साक्ष

"सहनशीलतामधला शी दीर्घ असते," सुमती म्हणाली. "तुमी ऱ्हस्व काढला."

देवरावने तिच्या डोळ्यांसमोर धरलेला कागद मागे घेतला, कानावरची पेन्सिल काढली आणि खिडकीच्या चौकटीवर कागद टेकवून वेलांटी बदलली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, पण त्याच्या शुद्धलेखनावर तिचा अजून विश्वास बसला नव्हता. मिशनच्या मुलींच्या शाळेत ती शिकवत असे तेव्हा तपासणीला आलेले साहेब तिच्या फळ्यासमोर घटकाभर थांबत, इतकं तिचं अक्षर देखणं. मग एका पावसाळ्यात तिच्या बोटांतून खडू निसटू लागला. आधी हातांचे सांधे सुजले, मग गुडघ्यांचे, मग खांद्यांचे. सुजले ते आखडलेच. आता आठ वर्षं ती या खाटेवर होती. मान तेवढी हलायची, आणि जीभ.

"आता वाचू काय वं?"

"वाचा ना. आयकूनच राहिली मी."

सन चोपन्नचा उत्तम शुक्रवार होता, गुड फ्रायडे. सकाळचे नऊ वाजले होते आणि एवढ्यातच छताचे पत्रे उन्हाने कडकड वाजू लागले होते. बारा ते तीन देवळात उपासना असे. क्रूसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलत, आणि यंदा मधोमध एकाने आपला अनुभव सांगायचा, अशी एक साक्ष ठेवली होती, देवरावची. तो मिशनच्या दवाखान्यात ड्रेसर होता. तीस वर्षं लोकांच्या जखमा धूत, पट्ट्या बांधत आला होता. देवळाचे पाळक साळवे स्वतः दवाखान्यात येऊन त्याला सांगून गेले होते. "क्रूस वाहणं म्हणजे काय, हे आपल्या मंडळीत तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे, देवराव?" ते म्हणाले होते. हातातलं पट्टीचं भेंडोळं तसंच धरून देवराव लाजल्यासारखा हसला होता.

हा शब्द त्याला नवा नव्हता. पहिल्या वर्षी लोक सुमतीला भेटायला येत तेव्हा जाताना दारात हळूच म्हणत, "देवानं मोठा क्रूस दिला हो तुम्हाला." पुढे दारात थांबून हळू बोलणंही सुटलं, तिच्या देखतच म्हणू लागले. रविवारी देवळात त्याला पुढच्या बाकावर जागा मिळू लागली. कोणी त्याला शिमोन म्हणे, प्रभूचा क्रूस खांद्यावर घेणारा तो कुरेनेकर. देवरावला ते कानाला गोड लागायचं. दर तीन तासांनी तिला कुशीवर वळवायचं, पाठीला स्पिरिट लावून पावडर टाकायची, भांडं द्यायचं, धुवायचं, भात कालवून चमच्याने भरवायचा, मग दवाखाना, मग पुन्हा तेच. आठ वर्षांत तो सलग चार तास झोपला नव्हता. एवढ्या सगळ्याचं त्याला जे काही मिळत होतं ते एवढंच होतं, रविवारचे ते दोन शब्द. ते तो आठवडाभर पुरवून वापरायचा.

त्याने घसा साफ करून वाचायला सुरुवात केली. अक्षर बारीक होतं, म्हणून कागद नाकाशी धरला होता. "'प्रभूने माझ्या दुर्बल खांद्यांवर जो वधस्तंभ ठेवला, तो मी कुरकुर न करता वाहिला. रात्री जग झोपी जाते तेव्हा मी जागा असतो...'" दोन पानं होती. दुसऱ्या पानावर त्याचा आवाज थोडा जड झाला. शेवटच्या ओळीला तर त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं.

वाचून झालं. भिंतीपलीकडे कोष्ट्यांचे माग चालू होते.

"काय झालं? चुका आहेत का लय?"

"नाही. चुका नाहीत," ती म्हणाली. "आता जरा ही माशी हाकला."

देवरावने पाहिलं. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात माशी बसली होती. त्याने हात उडवला. माशी उठली आणि नाकाजवळ बसली. त्याने पुन्हा हाकलली.

"पहिल्या पानापासून बसून होती," सुमती म्हणाली.

"मग सांगाचं नाही काय?"

"तुमी इतकं चांगलं वाचून राहिले होते."

देवराव कागदाची घडी घालू लागला. घडी नीट बसेना.

"तो क्रूस म्हणजे मी ना?" तिने विचारलं. आवाज चढला नव्हता. वर्गात एखाद्या मुलीला उत्तर चुकल्यावर विचारावं तसं तिने विचारलं.

"तसं नाही वं. बोलाची रीत आहे ती. सारे तसंच बोलतात."

"सारे बोलतात ते मी आठ वर्षं आयकते. मले कान आहेत. पण तुमच्या अक्षरात पाहिलं नव्हतं." तिने मान भिंतीकडे वळवली, तिला तेवढंच करता येत होतं. भिंतीकडे बघतच ती बोलू लागली. "मी पडल्या पडल्या प्रभूच्या क्रूसाचाच विचार करत असते. खिळे सारेच सांगतात. काट्यांचा मुकुट सांगतात. मीबी पोरींले तेच शिकवलं. पण माशांचं कोणी सांगत नाही. त्या टेकडीवर माशा नसतील काय? रक्त, घाम, दुपार. आणि दोन्ही हात खिळलेले. त्याले डोळ्यावरची माशी हाकलता आली नसन. देवाच्या लेकाले."

देवराव खाटेच्या कडेला बसला.

"पापाचं, तारणाचं खरंच आहे सारं. मी नाही म्हणत नाही. पण पडून पडून माझ्याजवळ एवढंच उरलं. हात न हलणं त्यालेबी माहीत आहे. म्हणून मले तो जवळचा वाटते." तिने मान त्याच्याकडे वळवली. "मी लाकूड नाही जी."

रुखमाबाई दारात आली म्हणून बोलणं तिथेच थांबलं. ती शेजारच्या कोष्ट्याची बायको. देवराव बाहेर गेला की ती आपला कांड्या भरायचा चरखा घेऊन सुमतीजवळ येऊन बसायची. सूत भरता भरता हिच्याशी बोलायची, हिला पाणी पाजायची. आज ती लवकरच आली होती.

"जा भाऊ तुमी," ती म्हणाली. "तुमच्या देवाचा दिवस आहे. मास्तरीणबाईकडं मी पायते."

निघताना देवरावने विचारलं, "मग काय सांगू तिथं?"

"खरं असन ते सांगा," सुमती म्हणाली. "नाहीतर ताप आला म्हणा आणि घरीच राहा."

---

देवळात पंखे नव्हते. बायका पदराने आणि पुरुष गीतांच्या पुस्तकांनी वारा घेत होते. वेदीवरचं कापड काढून ठेवलं होतं, फुलं नव्हती. पहिले तीन उद्गार झाले. चौथा, 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास', यावर पाळक साळवे स्वतः बोलले. ते चांगले बोलत. मग बाकाकडे हात करून म्हणाले, "आता आपल्यातलाच एक शिमोन साक्ष देईल."

देवराव उठला. खिशातला कागद त्याच्या छातीला टोचत होता, पण त्याने तो काढला नाही. समोर सगळी ओळखीची तोंडं होती. यातल्या निम्म्या लोकांची गळवं त्याने कापली होती. त्यांच्या चेहऱ्यांवर आधीच थोडं दुःख आणि थोडं समाधान आलेलं होतं, चांगलं काही ऐकायला बसल्यासारखं.

"प्रिय बंधुभगिनींनो," त्याने पुस्तकी भाषेत सुरुवात केली आणि तिथेच अडकला. मग घरच्या बोलीत म्हणाला, "माझी बायको माझा क्रूस नाही."

कोणाला काही विशेष वाटलं नाही. नम्रपणा असेल असं वाटलं.

"मी दोन पानं लिहून आणली होती. सकाळी तिले वाचून दाखवली. तेवढा वेळ तिच्या ओठावर माशी बसून होती. मले दिसली नाही. मी माझंच वाचून राहिलो होतो."

वारा घेणारी दोन-चार पुस्तकं थांबली.

"तुमी मले शिमोन म्हणता. त्यानं लाकूड वाहिलं. टेकडीवर नेऊन ठेवलं. पुढं तो थांबला का घरी गेला, ते शास्त्रात नाही. लाकूड वाहणाऱ्याले लोक पाहतात. मले ते आवडलं. खोटं कशाले बोलू, लय आवडलं. पण क्रूसावर जो असते तो दुसराच असते. आमच्या घरी ती खाटेवर आहे. मी नाही."

इथे त्याला थांबता आलं असतं. तो थांबला असता तर लोक त्याला आणखीच मोठा म्हणाले असते, हे त्याच्या लक्षात आलं. समोरच्या बाकावरच्या एका बाईने डोळ्यांना पदर लावलाच होता. तो पदर देवरावला नको होता.

"मागच्या मे महिन्यात," तो म्हणाला, "मी देवाजवळ मागितलं की हिले आता घेऊन जा. तिच्या दुखण्यासाठी नाही मागितलं. मले झोप पाहिजे होती. रोज मागितलं, महिनाभर. आणि रविवारी येऊन इथं पुढच्या बाकावर बसलो. एवढीच माझी साक्ष आहे."

तो जागेवर जाऊन बसला. त्याच्या शेजारचा माणूस थोडा सरकला, कदाचित जागा द्यायला. पाळक साळवे उभे राहिले, चष्मा काढून पुसला आणि गीताचा क्रमांक सांगितला. पेटीवाल्याला सूर लवकर सापडला नाही.

तीन वाजता उपासना सुटली. बाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली माणसं नेहमीसारखी थांबली होती, पण देवराव आला तशी ती बोलता बोलता दुसरीकडे पाहू लागली. पाळक जवळ आले. त्यांना राग आलेला नव्हता, ते गोंधळले होते.

"देवराव, अशी गोष्ट माझ्याजवळ एकट्यात बोलायची. मंडळीत दुबळी माणसं असतात. त्यांचा विश्वास कशावर टिकायचा?"

"माझ्यावर काहून टिकावा, पाळकसाहेब?" देवराव म्हणाला. त्याला उद्धटपणा करायचा नव्हता. तो फार थकला होता आणि त्याला खरोखरच ते समजत नव्हतं.

फाटकाशी दवाखान्यातला कंपाउंडर केशव सायकल धरून उभा होता. त्याची बायको तीन वर्षांपूर्वी क्षयाने गेली होती. दफनाच्या वेळी तो इतका रडला होता की लोक अजून त्याची आठवण काढत. देवराव जवळून जाताना त्याने त्याचं कोपर धरलं.

"मीबी मागितलं होतं," तो खाली बघत म्हणाला. "माझं आयकलं त्यानं." आणि सायकलवर टांग मारून निघून गेला.

---

घरी आला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. रुखमाबाईने चरखा उचलला, पाणी पाजलं आहे, कुशीवर वळवलं आहे असं सांगितलं आणि गेली. देवराव टोपी न काढताच खाटेजवळच्या स्टुलावर बसला. दुसऱ्या कोणाच्या तोंडून तिच्या कानावर जाण्याआधी आपणच सांगावं म्हणून त्याने वाटभर शब्द जुळवले होते. त्यातला एकही आठवेना.

"मी देवळात एक गोष्ट सांगून आलो," तो म्हणाला. "मागच्या मे महिन्यात मी तुझं मरण मागत होतो."

सुमती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मले माहीत आहे."

"कसं?"

"त्या महिन्यात तुमी माझ्याशी लय गोड वागत होते. एकदाबी खेकसले नाही. दोन वेळा तर आंबा आणला."

देवरावने तोंड दोन्ही हातांत धरलं. त्याचे खांदे हलू लागले. सुमतीने त्याला रडू दिलं. हात हलत असता तर तिने तो त्याच्या डोक्यावर ठेवला असता की नसता, कोणास ठाऊक. ती नुसती पडून होती.

"मीबी तेच मागत होती," ती पुष्कळ वेळाने म्हणाली. "तुमच्या आधीपासून. दोघांचं मागणं एक, तरी त्यानं आयकलं नाही." ती किंचित हसली. "आता काय करता? रागावून तरी कुठं जाता?"

"तुले माझा राग नाही आला?"

"आला ना. सकाळी आला होता, त्या कागदाचा. याचा नाही." तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "टोपी काढा. आणि निजा जरा."

"भांडी पडली आहेत. तुले वळवाचं..."

"आत्ताच वळवलं रुखमाबाईनं. निजा."

त्याने खाटेशेजारी चटई टाकली. घडीभर पाठ टेकू, मग उठू, असं म्हणून आडवा झाला. फरशी थोडी गार होती. पलीकडचे माग कधी बंद पडले ते त्याला कळलं नाही.

पुष्कळ वेळाने दारावर थाप पडली. उन्हं उतरली होती. मिटल्या पापण्यांवर उजेड तांबूस लागत होता. उठायला हवं, हे देवरावला कळलं, पण अंग उचलेना. बाहेरून पाळकांचा आवाज आला, "देवराव आहेत का घरी?"

"आहेत," वरून, खाटेवरून, सुमतीचा आवाज आला. ती अगदी शुद्ध, शाळेतल्या भाषेत बोलत होती, पण इतकं हलक्या आवाजात, की पाळकांना दाराशी कान लावावा लागला असेल. "पण ते निजले आहेत, साहेब. त्यांना उठवू नका. तुम्ही उद्या या."

पावलं थोडी घुटमळली आणि परत गेली. देवराव तसाच पडून राहिला. वर तिचा श्वास संथ चालला होता, जाग्या माणसाचा.