कोऱ्या खोक्यातला डावरा चाकू

मित्रांनो, मी एक जुना, घडी घालून खिशात ठेवायचा चाकू आहे. वय विचाराल तर बरेच आहे; केलेले काम विचाराल तर वयाच्या मानाने थोडे. आयुष्याची कितीतरी वर्षे मी नुसती वाट पाहण्यात घालवली. चाकूच्या पात्याला गंज चढतो हे तुम्हाला ठाऊक आहे. पण तो आधी मनाला चढतो, हे मी अनुभवाने सांगतो.

मी झाडांना कलमे बांधण्यासाठी घडवलेला चाकू. अशा चाकूच्या पात्याला एकाच बाजूने धार लावलेली असते, दुसरी बाजू सपाट ठेवतात. त्यामुळे काडीवर सरळ, गुळगुळीत काप बसतो. बहुतेक माणसे उजव्या हाताने काम करतात, म्हणून बहुतेक चाकू त्यांच्या सोयीचे. माझी धार मात्र बरोबर उलट बाजूला आहे. मी डावऱ्या हातासाठी आहे. ज्या म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले, त्याने मला कानाशी धरून तीनदा उघडले, तीनदा मिटले. स्प्रिंगचा 'टक्' असा आवाज ऐकून तो म्हणाला, "हा बोलतोय. जाऊ दे पुढे." माझ्या आयुष्यातले हे पहिले कौतुक.

दुसरे कौतुक फार उशिरा वाट्याला आले. डावऱ्यांचे चाकू खपत नाहीत म्हणून कारखान्याने आमचा नमुनाच बंद केला. मी आणि माझा जुळा भाऊ असे दोघे एका लोखंडी सामानाच्या दुकानात, कुलपे आणि बिजागऱ्यांच्या शेजारी, काचेच्या कपाटात येऊन पडलो. माळी यायचे, मला उजव्या हातात धरायचे, काडी तिरकी कापायचे आणि म्हणायचे, "काय भिकार चाकू आहे!" नाचता येईना, अंगण वाकडे! पण अंगणाला तोंड नसते. मी मुकाट्याने मिटून पडायचो आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचा हात बघायचो. डावा पुढे येतोय का? नाही, उजवाच.

एके दिवशी डावा आला. तो हात एका रोपवाटिकेत कलमे बांधणाऱ्या बाईचा होता. जन्मभर उजव्यांचे चाकू उलटे धरून तिच्या अंगठ्यावर आडवा वण पडला होता. तिने आधी माझ्या भावाला उचलले, दुकानदाराच्या केरसुणीची एक काडी ओढून कापली, आणि त्या कापाकडे ती बघतच राहिली.

"ही शेवटची जोडी बरं का," दुकानदार म्हणाला. "कारखान्याने नमुना बंद केलाय."

"बंद? मग आम्ही डावऱ्यांनी काय दातांनी कापायचं?"

"माझं ऐका ताई, घेतलेत तर वापरू नका. जपून ठेवा. बंद पडलेल्या वस्तूला पुढे भाव येतो. हौशी लोक शोधत येतात."

"चाकू घ्यायचा आणि कापायचं नाही? मग लाटणं घेते की!"

असे म्हणून ती हसली खरी, पण काहीच न घेता निघून गेली. वापरायला घ्यावा तर हा झिजल्यावर दुसरा मिळणार नाही. जपायला घ्यावा तर अंगठ्याचे हाल संपत नाहीत. तिचा जीव असा टांगणीला लागला, आणि माझाही. काचेतली सगळी वर्षे जड गेली नव्हती, इतके ते दोन दिवस मला जड गेले. तिसऱ्या दिवशी ती आली आणि दोघांनाही घेऊन गेली. एक वापरायला, एक पुढच्यासाठी.

घरी टेबलावर आम्ही शेजारी शेजारी होतो. तिने हाताशी आला तो उचलून खिशात घातला. तो माझा भाऊ होता. मला तेलाचा एक थेंब मिळाला, तेलकट कागदाची गुंडाळी मिळाली, आणि मी खोक्यात बंद झालो.

मित्रांनो, जपणूक बाहेरून फार छान दिसते. आत जपलेल्याचा जीव गुदमरतो. मी लोकरीच्या कपड्यांखाली, दोऱ्याच्या रिळांशेजारी पडलेला असायचो. संध्याकाळी भाऊ घरी यायचा, आणि त्याच्या मुठीला लागलेल्या चिकाचा वास कपाटाच्या फटीतून माझ्यापर्यंत पोचायचा. आज संत्र्याची कलमे झाली, आज गुलाबाची. मला आनंद व्हायला हवा होता. खोटे कशाला बोलू, मी जळायचो.

बाईचा नवरा बस चालवायचा. तो थट्टा करायचा, "अगं, त्या खोक्यावर बसून अंडी उबवतेस की काय? काढ की बाहेर!"

"एकदा काढला की संपला," बाई म्हणायची. त्या धास्तीने ती खोके उघडेनाशी झाली. तेलाचा तो पहिला थेंब केव्हाच सुकून चिकट झाला. पात्याच्या टोकाशी तिळाएवढा गंजाचा ठिपका पडला. तिला पत्ताही नव्हता. तिच्या लेखी मी अगदी सुखरूप होतो.

मग एक दातांचे डॉक्टर आमच्या घरी येऊ लागले. त्यांनी दवाखाना बंद केला होता आणि बंद झालेले चाकू जमवण्याचा नाद लावून घेतला होता. दुकानदाराकडून त्यांना माझा सुगावा लागला. माणूस मोठा सालस. मला हातात घेण्याआधी त्यांनी हात धुतले, रुमालाने पुसले, आणि तरीही नुसते खोकेच न्याहाळले.

"ताई, याला उघडू नका. उघडलात की तो चाकू होईल. आत्ता तो शेवटचा नमुना आहे."

"माझ्याकडेही तो शेवटचाच आहे, डॉक्टर."

ते दर महिन्याला यायचे, चहा घ्यायचे, दोन गोष्टी बोलायचे, माझी विचारपूस करून जायचे. त्यांची बायको वारली होती. घरी बोलायला कोणी नव्हते. शेवटी बाईला दया आली म्हणा किंवा ती माझ्या काळजीला कंटाळली म्हणा, "रविवारी या आणि घेऊन जा," असे तिने सांगून टाकले. एका कपाटातून दुसऱ्या कपाटात! माझी स्प्रिंग आतल्या आत ताणली गेली.

त्याच आठवड्यात नवऱ्याने रंगाच्या डब्याचे झाकण उचकटायला माझ्या भावाला वापरले. कडकन आवाज झाला. टोकाकडचे निम्मे पाते उडाले. बाई रागावली नाही. ती नुसती खाली बसली. तिला तशी बसलेली पाहून नवऱ्याने दोन दिवस थट्टा केली नाही.

रविवारी डॉक्टर आले ते ठरलेल्या वेळेच्या आधी, धापा टाकत. हातात ओल्या फडक्याची गुंडाळी होती.

"माझं नासपतीचं झाड काल वाऱ्यात पडलं. आमच्या हिने लावलेलं," ते म्हणाले. "बुंधा आतून पोकळच होता. चांगल्या म्हणाव्यात अशा या तीनच काड्या निघाल्या."

बाईने फडके उलगडले. काड्यांवरचे डोळे, म्हणजे पालवी फुटायच्या गाठी, फुगले होते. "आजच बांधायला हव्यात. उद्या डोळे फुटलेले असतील," ती म्हणाली, आणि एकदम थांबली. "माझा चाकू मोडला, डॉक्टर."

दोघांची नजर टेबलावर गेली. तिथे मी होतो, खोक्यात, त्यांना द्यायला काढून ठेवलेला.

"दुसऱ्या चाकूने नाही जमणार?" डॉक्टरांनी हळूच विचारले.

"जमेल कदाचित. पण तीनच काड्या आहेत. उलट्या धारेने वाया गेल्या तर मला बोल लावू नका. हा चाकू मी तुम्हाला कबूल केलाय. आता तुम्हीच सांगा."

डॉक्टर बराच वेळ खोक्यावर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी स्वतःच झाकण काढले.

आता माझी वेळ आली, असे मला वाटले. पण मी उघडेचना! सुकलेल्या तेलाने सांधा धरला होता. बाईने तेल सोडले, नखाने ओढले, तेव्हा कुठे मी कुरकुरत उघडलो. तिने मला धारेच्या दगडावर घासले, पण घाईत गंजाचा ठिपका राहून गेला. पहिल्या काडीवर नेमका तोच अडला. साल फाटली. काडी गेली.

इतक्या वर्षांनी काम मिळाले आणि मी ते बिघडवले! बाईने घाम पुसला, पुन्हा दगड घेतला, आणि या वेळी घाई केली नाही. ठिपका जाईपर्यंत ती मला घासत राहिली. मग दुसऱ्या काडीवर तिने मला एकदाच, एका दमात ओढले. तो काप आरशासारखा होता. तिसऱ्याही काडीवर तसाच बसला. बाईने रोपवाटिकेतून दोन खुंट, म्हणजे कलमासाठी वाढवलेली मुळासकटची रोपे, आणले होते; डॉक्टरांनी दात भरणाऱ्या त्या सवयीच्या बोटांनी एकेका खुंटाला काडी घट्ट धरली आणि बाईने पट्टी गुंडाळली.

"काय सुरेख धार आहे," डॉक्टर पुटपुटले. ते माझे दुसरे कौतुक.

दोन कलमांतले एक आठवड्याभरात काळे पडले. दुसऱ्याला महिन्याने नखाएवढे पान आले. ते बघायला डॉक्टर रोपवाटिकेत खुर्ची मागवून बसले. ते निघाले तेव्हा बाई मला त्यांच्यापुढे धरून म्हणाली, "कबूल केल्याप्रमाणे हा घ्या."

"तो राहू द्या. मला तो मोडका द्या," डॉक्टर म्हणाले. माझा भाऊ आता त्यांच्या कपाटात, सगळ्या कोऱ्या चाकूंच्या मधोमध, झिजलेली मूठ घेऊन पडला आहे. त्या कपाटात काम केलेला असा तो एकटाच.

मी बाईच्या खिशात असतो. मित्रांनो, दर वेळी दगडावर घासला जातो तेव्हा मी केसभर कमी होतो. एक दिवस मी संपेन, आणि माझ्यासारखा दुसरा कोणी बनवत नाही. ही धाकधूक आहेच. पण खोक्यातही मी संपतच होतो, आणि तेही कोणासाठीच नाही. म्हणून विनंती एवढीच: तुमच्याकडची एखादी वस्तू वापरा किंवा जपा, पण तिला विसरू नका. अधूनमधून उघडा, पुसा, तेल द्या, ती कशासाठी घडली आहे ते आठवा. बाहेर पेरूचे सत्तर खुंट उभे आहेत. बाईचा डावा हात खिशात आला. चला, मला जायला हवे.