मेंगाई होडीचं नाक

"काका, आमच्या होड्या तुम्हीच फाडल्या का?"

प्रगतीनं एका दमात विचारून टाकलं. समोर धनाकाका उकिडवा बसून ट्रकची ट्यूब कानशीनं घासत होता. मागं रसाच्या गाड्याआड रत्ना आणि अश्विनी तोंडात ओढणी कोंबून उभ्या होत्या. पैज त्यांचीच. वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळाल्यापासून प्रगती जरा हवेतच होती. वर्गात मास्तरांनी खडू मागितला तरी भाषण दिल्यासारखी उत्तरं द्यायची. तेव्हा अश्विनीनं मधल्या सुट्टीत टोमणा मारला होता, की ढाल मिळवणं सोपं, हिंमत असंल तर सारोळ्याला जाऊन तुझ्या त्या काकाला तोंडावर विचार. झालं. शाळा सुटल्यावर तिघी वडापच्या जीपमध्ये बसल्या, पुलाच्या अलीकडं उतरल्या, वडापाव खाल्ला आणि प्रगती ओठ पुसत थेट पंक्चरच्या दुकानात शिरली.

धनाकाकानं वर बघितलंच नाही. "बापानं धाडलं का तुला?"

"नाही. मीच आले."

"मग जा आणि बापालाच इचार. होड्या चिकटवायचं सोल्यूशन कुठलं आणलं हुतं म्हणावं."

हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून तिनं समोरच्या ट्यूबवर बोट टेकवलं, तर काकानं मनगटच धरलं.

"वड्याचा हात लावू नगंस पोरी. तेल लागलं की पॅच धरत न्हाई."

मग तेवढीच जागा त्यानं पुन्हा घासली, पेट्रोलचा बोळा फिरवला, फुंकर मारली. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. निघताना मात्र तिला तांब्याभर पाणी दिलं आणि दहावीला आहेस ना, एवढंच विचारलं. रत्ना-अश्विनीनं परतीच्या जीपमध्ये निकाल लावून टाकला: ज्यानं केलं नाही तो माणूस 'न्हाई' म्हणतो. ज्या अर्थी म्हणाला नाही, त्या अर्थी केलंच.

प्रगतीलाही तसंच वाटत होतं. लहानपणापासून घरात तिनं तेच ऐकलं होतं.

कामथडीच्या शेडवर अजून 'मेंगाई बोट' असं निळ्या रंगात लिहिलेलं होतं, पण आत अर्ध्या जागेत कोंबड्यांच्या खाद्याची पोती होती. ती जागा भाड्यानं दिलेली. कधीकाळी त्याच शेडमधून टेम्पो भरून हवेच्या होड्या जायच्या. सुरुवात केली तिच्या आजानं, गेनबानं. गुंजवणे गावाखालची त्याची भातखाचरं धरणात गेली आणि नशिबी हमरस्त्यावरचं पंक्चरचं दुकान आलं. पाण्यापलीकडं राहिलेल्या भावकीच्या गुरांना चारा पोचवायला त्यानं ट्रकच्या जुन्या ट्यूबा एकत्र बांधून तराफा केला. पुढं तराफ्याला बूड आलं, कडा आल्या, चांगलं रबरी कापड आलं आणि एक दिवस चक्क होडी झाली. आधी मासे धरणारे आले, मग शिबिरवाले, मग अग्निशमनवाले. ज्या माणसाचं रान पाण्यानं गिळलं, त्यानं पाण्यावरच घर चालवलं, असं आख्खं कामथडी म्हणायचं.

आजाची एक रीत होती. होडी तयार झाली की तिला धरणाच्या पाण्यावर न्यायची, घरच्या माणसांनी तिच्यात बसून भाकरी खायची आणि ती बुडाली नाही तर मग नाकावर, म्हणजे पुढं दोन्ही फुगे जिथं जुळतात तिथं, मेंगाई देवीच्या नावाचा शेंदूर लावायचा. शेंदूर लागल्याशिवाय होडी गिऱ्हाइकाला द्यायची नाही. प्रगतीला अशी एक भाकरी आठवत होती. पाणी हलायचं आणि ताटलीतली चटणी इकडून तिकडं पळायची.

आजा गेला. मोठा मुलगा हनुमंत, म्हणजे प्रगतीचे अण्णा, बाहेरचं बघायला लागले आणि धनाकाका आतलं. मग ते पुराचं वर्ष आलं. इतक्या होड्या हव्या होत्या, की शेडला कुलूपच लागत नव्हतं. दोघा भावांत खटके उडायला लागले. काकाचं म्हणणं, घाई नको, होडी पाण्यावर नेल्याशिवाय द्यायची न्हाई. अण्णांचं म्हणणं, माणसं तिकडं छपरावर बसलीत आणि तू भाकऱ्या कसल्या खातोस. एका दुपारी काकानं कापायची सुरी टेबलावर आपटली आणि सगळ्या कामगारांदेखत म्हणाला, "एकेक होडी फाडून टाकीन, मग बसा." त्यानंतर तो काही दिवस शेडवर फिरकलाच नाही.

पुढच्याच महिन्यात सरकारी साहेबांसमोर सराव होता. तासभर उन्हात, पाण्यावर, आणि मेंगाईची होडी पुढून उघडली. माणसं पोहत काठाला आली, कुणाला काही झालं नाही. पण दुसरी होडी काढली, तीही उघडली. सगळा माल परत आला. शेडमध्ये हवा भरलेल्या असताना त्याच होड्या टणक होत्या. मग काय, सुरी कुणाच्या हातात होती हे सगळ्यांना आठवलं. अण्णांनी भावाला दारातून बाहेर काढलं. आईनं मधे पडायचा प्रयत्न केला, पण तिचं कोण ऐकतंय. काका सारोळ्याला गेला आणि आजाच्याच धंद्याला लागला, पंक्चरच्या. कामगार एकेक करत शिरवळच्या कंपन्यांत गेले. गणपतीत, लग्नात, कुठंही काका दिसला की लोक जरा बाजूला सरकायचे. आपल्या गाडीच्या टायरला हात लावू द्यायचा की नाही असा विचार करायचे.

सारोळ्याहून आली त्या संध्याकाळी प्रगतीनं अण्णांना सहज विचारल्यासारखं विचारलं, की त्या वेळी सोल्यूशन कुठलं होतं. अण्णांचा घास हातातच राहिला.

"सारोळ्याला कोण गेलतं?"

प्रगतीनं ताटातली भाकरी मोडायला घेतली. अण्णा उठले, अर्धी भाकरी ताटात तशीच. आता हे काय? ज्यानं केलं नाही तो 'नाही' म्हणतो, हे सूत्र काकाला लावायचं तर अण्णांनाही लावायला नको का? प्रगतीच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. अण्णांनी स्वस्तातला माल घेतला आणि खापर भावावर फोडलं असेल तर? दोन दिवस ती बापाकडं चोरून बघत राहिली. फोन आला की ते अंगणात का जातात. शेडची किल्ली खिशातच का ठेवतात. स्वतःच्याच घरात आपण हेर झालोय याची तिला लाजही वाटत होती आणि, खरं सांगायचं तर, थोडी मजाही येत होती.

अण्णांची सुटका कोरफडीनं केली. आजाच्या काळातल्या सोल्यूशनच्या डब्यात आईनं कोरफड लावली होती. डब्यावर हत्तीचं चित्र. प्रगतीनं शेडच्या खिडकीतून डोकावून बघितलं, तर शेवटच्या मालाचे रिकामे डबे कोपऱ्यात रचलेले, आणि सगळ्यांवर तोच हत्ती. माल बदललाच नव्हता. म्हणजे अण्णा नाहीत. मग पुन्हा काका?

रविवारी आई-अण्णा गुंजवण्याला लग्नाला गेले. अण्णांची किल्ली त्यांच्या रोजच्या पँटीच्या खिशात राहिली होती. प्रगतीनं रत्नाला हाक मारली. परत आलेल्या होड्या शेडच्या मागच्या भिंतीला एकावर एक पडल्या होत्या, धुळीनं माखलेल्या. इतक्या वर्षांत कुणी त्यांना हात लावला नव्हता. अण्णांना माहीत होतं की काकानं फाडल्या. काकाला माहीत होतं की अण्णांनी सोल्यूशन बदललं. ज्याला सगळं आधीच माहीत असतं, तो कशाला बघायला जातोय?

"सुरीचा वार हुडक," प्रगती म्हणाली.

वार कुठंच नव्हता. कापड अख्खं होतं. होडी फाटली नव्हती, पुढच्या सांध्यात सुटली होती. दोघींनी बाजूचा सांधा धरून ओढला, पाय लावून ओढला, रत्ना मागच्या मागं पोत्यावर पडली, पण तो सांधा काही सुटेना. नाकाजवळ मात्र कापड नुसतं उचललं तरी सालीसारखं वर येत होतं. दुसरी होडी, तेच. तिसरी, तेच. प्रगतीनं सुटलेलं कापड उलटं केलं आणि मोबाईलचा उजेड टाकला.

आतल्या बाजूला, दोन कापडांच्या मधोमध, बोटाएवढा लाल ठिपका होता. आणि त्याच्याभोवती तेलाचा पसरलेला डाग, पुरीखालच्या कागदावर पडतो तसा.

"शेंदूर हाय ह्यो," रत्ना म्हणाली. "पण आत कसा गेला?"

वर आढ्याला आजाची पहिली होडी टांगलेली होती. तिच्या नाकावर शेंदराचा थर होता, पण बाहेरून. प्रगतीनं वरच्या नाकाकडं बघितलं, मग हातातल्या कापडाकडं. वड्याचा हात लावू नगंस पोरी. तेल लागलं की पॅच धरत न्हाई, काका म्हणाला होता.

रत्नाची आजी, बयाबाई, त्या वर्षी सोल्यूशनच्या टेबलावर कामाला होती. दोघी धावत तिच्याकडं गेल्या. म्हातारी ओट्यावर लसूण सोलत बसली होती. प्रगतीनं विचारलं, कापड जोडायच्या आधी पुसत होता का तुम्ही? बयाबाईला रागच आला. पुसल्याबिगर कोण जोडतंय? पेट्रोलच्या बोळ्यानं समदं लख्ख पुसायचो, धनाजीनं हात धरून शिकवलं हुतं.

"आणि शेंदूर?"

"तो तेवढा सोडून," बयाबाई म्हणाली. "देवाचं कुणी पुसतं का?"

मग बाकीचं तिनं आपणहून सांगितलं. घाईच्या दिवसांत होड्या पाण्यावर न्यायचं बंद झालं. पण बिनशेंदराची होडी दारातून जाऊ नये म्हणून प्रगतीची आई, सुलक्षणा, रोज सकाळी अंघोळ करून शेडवर यायची आणि कापलेल्या कापडांना, नाकाच्या जागी, एकेक बोट लावून जायची. तेलात कालवलेला शेंदूर. हात जोडून, डोळे मिटून. लई भाविक बाई, बयाबाई म्हणाली. धनाजी त्या दिवसांत रुसून घरी बसला हुता, न्हाईतर त्यानं बघितलं असतं.

रत्ना आजीच्या पुढ्यातला लसूण सोलायला लागली. पैज लावताना ती सगळ्यात मोठ्यानं हसली होती.

प्रगतीला त्या सकाळी आठवत होत्या. शेंदराची वाटी तिच्याच हातात असायची, आणि आई म्हणायची, सांडू नको हं, यावर माणसांचे जीव तरंगायचेत.

आई-अण्णा लग्नाहून आले तेव्हा अंगणात एक होडी आडवी पसरलेली होती आणि तिच्या शेजारी प्रगती उभी. अण्णांनी आधी होडीकडं बघितलं, मग खिसा चाचपला.

"धनानं शिकवून धाडलं ना तुला?"

"काकांनी काहीच शिकवलं नाही. मी त्यांना तोंडावर विचारलं, तुम्हीच फाडल्या का. ते काही बोलले नाहीत. अण्णा, बाजूचा सांधा ओढा. मग पुढचा ओढा."

अण्णा म्हणाले, मला शहाणपण शिकवू नकोस. तरी ते खाली बसले. लग्नातला फेटा अजून डोक्यावर होता. बाजूचा सांधा त्यांच्याही हातानं सुटला नाही. पुढचा सुटला. लाल ठिपका उन्हात एकदम उघडा पडला आणि अण्णांनी त्यावरून अंगठा फिरवला. अंगठा तेलकट झाला.

प्रगतीनं सगळं सांगितलं, हत्तीच्या डब्यापासून बयाबाईच्या बोळ्यापर्यंत. ढाल मिळाली त्या दिवशी बोलली होती तशी नाही, अडखळत. 'आई' हा शब्द येईल तिथं ती 'शेंदूर लावणारं माणूस' म्हणाली. पण घरात शेंदूर लावणारं माणूस एकच होतं.

आई पायरीवर बसली. उजव्या हाताचं बोट तिनं दुसऱ्या मुठीत धरलं होतं.

"म्हणजे म्याच," ती म्हणाली. "आणि भावजींना घराबाहेर काढलं."

"तू काढलं नाहीस," अण्णा म्हणाले. मग बराच वेळ ते होडीचं सुटलेलं कापड पुन्हा जागेवर दाबत राहिले, दाबल्यानं चिकटेल असं वाटत असल्यासारखं. शेवटी म्हणाले, झालं ते झालं, आता गावात कुठं बोलायचं नाही. घरातली बाई आहे. लोक तिला नावं ठेवतील. धनाला मी बघतो, सवडीनं.

सवडीनं. प्रगतीनं आईकडं बघितलं. आईनं मान वर केली नाही, पण नकारार्थी हलवली. तो नकार अण्णांना होता की प्रगतीला, ते कळलं नाही. मागं शेडमध्ये आजाची होडी टांगलेली होती. तिकडं सारोळ्याच्या पुलाजवळ एक माणूस दुसऱ्यांच्या ट्यूबा घासत बसला होता, आणि त्याला अजून वाटत होतं की भावानं सोल्यूशन बदललं.

प्रगती आईशेजारी पायरीवर बसली. तिनं आईची मूठ सोडवली आणि ते बोट आपल्या हातात घेतलं.

"अण्णा, मी ठरवलंय," ती म्हणाली. "उद्या शाळा सुटली की मी हे कापड घेऊन सारोळ्याला जाणार. काकांना दाखवणार आणि घरी घेऊन येणार. शाळेतबी सांगणार, रत्ना-अश्विनीसमोर, सगळ्यांसमोर, की काकांनी होड्या फाडल्या नव्हत्या. शेंदूर कुणी लावला ते मी सांगणार नाही, ते आईनं ठरवायचं. पण काकांचं मी ठरवलंय. तुम्ही गाडी काढली तर गाडीनं जाऊ, नाहीतर मी वडापनं जाते."

आईनं पदरानं तोंड पुसलं. "मला बी जागा धर," ती म्हणाली.

"मग आम्ही दोघी जाणार," प्रगती म्हणाली. "अण्णा, तुमचं तुम्ही सकाळपर्यंत ठरवा."