दारामागची हरकत

मी हरकत बोलतेय. दचकू नका, भांडायला आलेली नाही.

माझं माहेर लांबचं, अरबी. तिकडे मी म्हणजे नुसती हालचाल. फिरत फिरत मराठीत आले आणि अडथळा होऊन बसले. गवयांकडे मी गळ्यातली नाजूक जागा असते. कचेरीत मात्र माझा अर्थ रोखठोक: हे मला मान्य नाही, का ते ऐका.

घरोघरी माणसं मला उठता-बसता 'नाही' म्हणून हाकलतात. पाय तुडवला, हरकत नाही. चहा सांडला, हरकत नाही. एवढी हरकत नसलेली माणसं मनातल्या मनात धुमसत का असतात, याचं मला भारी कुतूहल.

एका कचेरीत नोटीस लागली होती. बोळ बंद करून ती जागा गोदामवाल्याला द्यायची. तीस दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर कोणाचीच हरकत नाही असं समजायचं. नोटीस चिकटवायची पद्धत दाराच्या बाहेरच्या अंगाला. दार बाहेर उघडणारं, दिवसभर उघडं, फळी बाहेरच्या भिंतीला टेकलेली. म्हणजे नोटीस वाचायला एकटी भिंत. संध्याकाळी शिपाई दार लावायचा, पण वाचणं हे काही त्याचं काम नव्हतं.

एकोणतिसाव्या दिवशी त्याचा पाय मुरगळला. झाडणाऱ्या मावशीनं दार लावलं, आणि कुलूप हातात तसंच राहिलं. बोळ तिच्याच घरामागचा. सासू चाकाच्या खुर्चीत, आणि पुढच्या दाराला सात पायऱ्या.

घरी सासू म्हणाली, "कशाला नादी लागतेस? हरकत नाही, बसेन मी घरात."

"तुम्ही गप्प बसा. तुमच्या 'हरकत नाही'नंच ही वेळ आणलीय."

मग चौथी शिकलेल्या त्या बाईनं मला कागदावर उतरवलं. 'बोळ बंद झाला तर माझी सासू मरेपर्यंत घराबाहेर पडणार नाही. माझी हरकत आहे.' एवढंच.

सकाळी कारकुनानं कागद पाहिला. "मावशी, महिनाभर नोटीस आहे. तेव्हा झोपला होतात?"

मावशीनं जाऊन दार लावलं. आत अंधारलं, रांगेतले लोक कुरकुरले.

"या बाहेर, आता वाचा. तुम्ही खुर्चीत बसता तेव्हा हा कागद तोंड फिरवून उभा असतो."

"नोकरी इथं आणि हरकतही इथंच?"

"झाडू इथं मारते. राहते बोळात."

"बरं, ठेवा कागद."

"ठेवा काय? पोच द्या. शिक्का मारून, आजची तारीख घालून."

रांगेतलं कोणीतरी हसलं. कारकुनानं शिक्का शोधला.

पुढं सुनावणी झाली. साहेब स्वतः आले, खुर्ची मोजली, बोळ मोजला, सात पायऱ्या चढताना धापा टाकल्या. बोळ राहिला. सासू रोज त्यातून बाहेर पडते आणि खड्ड्यांवरून सुनेला बोलते.

मी आता फायलीत असते, नाडीनं आवळलेली. नोटिसा अजून दारालाच लागतात. शिपायाचा पाय बरा झाला, पण दार मावशीच लावते. आधी वाचते, मग कुलूप.

तुम्हाला एक सांगते. मी खरंच नसेन तर खुशाल नाही म्हणा. पण असेन, तर जिभेवर घोळवत बसू नका. मला लिहा, सही करा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.