मामाच्या हातचा गोळा

पंचावन्न सालची गोष्ट. गोंडपिपरीकडच्या एका गावात मारुतीच्या देवळापुढे निम्मा गाव लोटला होता. जंतूमहाराज कणकेचा गोळा लेकराच्या पोटावर फिरवत, "निघ जंत्या, पाताळात पळ!" असं ओरडत आणि गोळा फोडत. आत वळवळणारा लांबलचक जंत! बाया हात जोडत. जंतांनाही महाराजांचं मराठी कळतं याचं मला, तालुक्याच्या डॉक्टरला, फार कौतुक वाटलं.

हसू मात्र टिकलं नाही. पुढेच बसली होती गुणाबाईची लहानगी रुखमा. ओठ पांढरेफटक, पायांवर सूज. रक्त असंच आटत राहिलं तर पोर हातची जाणार होती. मी तपासायला तिची विष्ठा मागितली होती, पण गुणाबाईने साफ नकार दिला. विष्ठा परक्याच्या हाती गेली की करणी होते, असं महाराजांनी तिच्या मनात भरवलं होतं.

"आन गोळा माह्या सख्ख्या भावानं मळला हाय, डॉक्टरसाब," ती म्हणाली. "मामाच भाचीचं वाईट करंल का?"

हा भाऊ लटारू महाराजांचा चेला होता. गोळे वळून तोच परातीत मांडून ठेवी.

"बाई, एक गोळा तुम्ही मळा," मी म्हटलं. "महाराज तोच फिरवतील."

तिने मळला. महाराजांनी फिरवला, फोडला. आत नुसती कणीक.

"बाईची श्रद्धा कच्ची!" महाराज गरजले.

मी परातीतला लटारूचा गोळा उचलला. तो कुणाच्याच पोटाला लागला नव्हता. गुणाबाईच्या हातात देऊन म्हटलं, "फोडा."

आत गांडूळ होतं. धानाच्या बांधीतलं, म्हणजे भातखाचरातलं, मासे धरायला गळाला लावतात ते.

महाराजांनी झोळी उचलली, तशी लोकांनी त्यांना गराडा घातला. गुणाबाईने तिकडे पाहिलंही नाही.

"लटारू, तुले मालूम होतं?"

"महाराज मणले, लोकाईचा इस्वास बसला का रोग आपोआप जाते..."

"आन माही पोरगी वाळून राह्यली, ते दिसलं नाई तुले?"

त्याच दुपारी मी शाळेच्या पडवीत सूक्ष्मदर्शक मांडला. गुणाबाईने आता स्वतःच आणून दिलेली रुखमाची कणभर विष्ठा काचेवर मिठाच्या पाण्यात कालवली आणि गुणाबाईला पाहायला बोलावलं. तिला लंबगोल, पातळ कवचाची अंडी दिसली.

"ही अंकुशकृमीची अंडी. हा कृमी दोऱ्याच्या तुकड्याएवढा, आतड्याला चिकटून रक्त पितो. तो कणकेला भीत नाही, औषधाने पडतो."

लटारू खाली अंगणात उभा होता. "ताई, औषध आणाले मी जातो."

"तू नको जाऊ," ती म्हणाली. "तुह्या हातचं आता काईच नको मले." आणि पदर तोंडाला लावून रडली. मलाही लटारूची भयंकर चीड आली.

औषधाने रुखमा सावरली. पण बाबांनो, जंत डोळ्यांना दिसला म्हणजे तो पोटातूनच आला, असं मानू नका. कुठून आला ते विचारा. समोर घरचा माणूस असला तरी विचारा. गुणाबाईने विचारलं नाही, कारण मळणारा हात भावाचा होता. तेवढ्यापायी तिची पोर मरायला टेकली होती.