चरा पडलेली रेकॉर्ड

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. दोघी बहिणींत ती धाकटी, आणि तेच नाव तिला चिकटलं होतं. शेजारच्या टेबलावर मास्तर बसत. पूर्वी शाळेत संगीत शिकवायचे, आता चष्म्यांचे स्क्रू आवळायचे. एका दुपारी त्यांनी मोबाइलवर काहीतरी लावलं. बासरी नुसती धावत सुटली होती. गिटार, चार तारांचं एक छोटं वाद्य आणि खंजिरी तिच्याशी शिवाशिवी खेळत होती.

धाकटीचा हात थांबला. "मास्तर, ही तर आमच्या ह्यांची धून!"

"ह्यांची कुठली? ब्राझीलची आहे. शोरो म्हणतात याला. शंभरेक वर्षं जुनी असेल."

लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याने बासरीवर हीच वाजवली होती. 'तुला पाहिलं आणि सुचली,' म्हणाला होता. बावीस वर्षं वाजवत होता, आणि दर वेळी एकाच जागी थांबायचा. 'पुढचं मनातच राहू दे,' म्हणायचा. मास्तरांची धून मात्र थांबली नाही. दुसरा भाग आला, तिसरा आला, पहिला पुन्हा फिरून आला.

घरी नवरा भाजी चिरत होता. तिने सरळ विचारलं.

"अगं, तुझ्या ताईच्या सासरी रेकॉर्ड होती, लग्नाआधी मी तिथे जाऊन ऐकायचो. पुढे चरा पडलेला, सुई अडकायची. म्हणून तेवढीच बोटांत बसली."

"म्हणजे ताईला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच. गंमत गं!"

तिने ताईला फोन लावला. ताई आधी हसली. मग म्हणाली, "एवढं काय मनाला लावून घेतेस? किती खूश होतीस तू! कोण सांगणार?"

"तू."

तिने फोन ठेवला. धून उसनी होती, याचं तिला एवढं लागलं नाही. पण घरात चार माणसं जमली की 'सांग ना, ती धून कशी सुचली' असा आग्रह व्हायचा, आणि ती लाजत सांगायची. तेव्हा सगळे एकमेकांकडे का बघायचे, ते तिला आत्ता कळलं.

त्यानंतर नवऱ्याने बासरी काढली की ती उठून जाऊ लागली. त्याने दोनदा माफी मागितली, तिसऱ्यांदा चिडला.

दुकानात मात्र तिने मास्तरांना आणखी लावायला सांगितलं. रोज नवी धून.

"शोरो म्हणजे काय हो?"

"रडणं."

"पण हे तर नाचतंय!"

"ऐका अजून," मास्तर म्हणाले.

ती ऐकत राहिली. घरी याबद्दल अवाक्षर काढलं नाही.